तुडवलेलं वावर

निजामाच्या राज्यात तारायंत्राचे खांब जवळा बाजार गावाकडं निघाले, तेव्हा भुजंगनं त्या कामावरच्या मुकादमाला कोंबडी खाऊ घातली आणि आपलं वावर वाचवलं. लाईन वळली ती थेट शेजारच्या सिंधूबाईच्या वावरात. खांब वाहणाऱ्या बैलगाड्यांनी तिची हातातोंडाशी आलेली ज्वारी भुईसपाट केली.

सिंधूबाई तावातावानं मुकादम सादिकमियाँकडं गेली. "भरपाई कोण देईल?"

"बाई, हिंगोलीला अर्ज करा. साहेब बघतील."

"तवर काय अर्ज भाकरीसंगं खाऊ?" ती कडाडली. तेवढ्यात तिची नजर ओढ्याकाठच्या दावणीवर गेली. सरकी-पेंड खाऊन मातलेले गाडीबैल रातभर तिथं बांधलेले असत आणि त्यांचं शेण वाया जाई. अन् ती मात्र दर साल खतासाठी पदरचं धान्य देऊन वावरात मेंढरं बसवायची!

"काम संपेस्तोवर तुमचे बैल माझ्या वावरात बांधा," ती म्हणाली. "दावण रोज सरकवायची. एक कोपरा सुटला न्हाई पायजे."

सादिकमियाँ हसले. "ज्यांनी तुडवलं, त्यांनाच बोलावता?"

"व्हय. नुसकान त्यायनं केलं, तर भरून बी तेच देतील."

पुढच्या साली तिच्या ज्वारीत उभा माणूस दिसेना. भुजंग बांधावरून कणसांकडं बघतच राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "वैनी, तारवाले परत कधी येणार हायत?"

"येतील तवा येतील," सिंधूबाई खुशीत म्हणाली. "पर या खेपंला कोंबडी मी कापीन."