आईला सांग, घेतलं म्हणून

डॉक्टर पेंगनी खुर्ची पुढे ओढली, तेव्हाच सूयुननं ओळखलं. डॉक्टर खुर्ची पुढे ओढतात तेव्हा बातमी बरी नसते, एवढं ती दोन वर्षांत शिकली होती. तिच्या नवऱ्याच्या, रेनशूच्या फुफ्फुसातली गाठ पुन्हा वाढायला लागली होती. इतके दिवस ज्या गोळ्यांनी तिला दाबून ठेवलं, त्या आता लागू पडत नव्हत्या.

"नेहमीची केमो आहे, ती देऊ," डॉक्टर म्हणाले. "पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. एखाद्या नव्या औषधाच्या चाचणीत जागा मिळते का, ते शोधा. आमच्याकडे सध्या नाही."

शोधा म्हणे! रेनशू गावाकडची, शिननिंगची संत्री ट्रकमधून चांगशा शहरात आणणारा माणूस, आणि ती शाळेच्या खानावळीत भाजी चिरणारी. औषध काय बाजारात शोधतात तसं शोधायचं?

ते तिला शिकवलं ताओताईनं. रुग्णालयामागच्या गल्लीत ओळीनं चुली मांडलेल्या होत्या. गावोगावाहून आलेली माणसं तिथे आपापल्या रोग्यासाठी रांधायची. ताओताई युएयांगची. तिचा नवरा एका चाचणीत होता आणि आता दोन दोन वाट्या भात खात होता.

"आधी जनुकाच्या तपासणीचा कागद जवळ ठेव," कढईत मिरच्या परतता परतता ताओताई सांगायची. "मग फोनवर चाचण्यांची सरकारी यादी उघड. 'भरती चालू' लिहिलंय तेवढंच बघ, बाकीच्यावर डोळे फोडून घेऊ नकोस. औषध फुकट, तपासण्या फुकट. पैसे टाका, जागा देतो म्हणणारा कुणी भेटला, तर त्याला हे उलथनं दाखव."

सूयुन एका हातानं ढवळायची, दुसऱ्या हातानं फोन चाळायची. किती वेळा अंडी करपली. एका चाचणीत आधी गोळ्या घेतलेले रोगी चालत नव्हते. दुसऱ्या चाचणीला जनुकातला बिघाड वेगळा हवा होता. तिसरीकडे फोनच कुणी उचलेना. आणि मग नदीपलीकडच्याच एका रुग्णालयात, जणू रेनशूलाच समोर बसवून लिहिल्यासारखी एक चाचणी सापडली. तिथल्या नर्सनं फोनवर सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, "घेऊन या त्यांना." सूयुननं फोन ठेवला आणि ताओताईच्या गळ्यात पडून रडली.

गावाकडे ही गोष्ट कळली, तशी सासू गाठोडं घेऊन पहिल्या बसनं चांगशाला हजर. "पांढऱ्या उंदरांवर करतात ते माझ्या पोरावर करणार? मी मेले का?"

"आई, नवा टायर कुणीतरी पहिल्यांदा रस्त्यावर चालवतोच की," रेनशू हसून म्हणाला.

"टायर फुटला तर?"

"जुना तर फुटलाच आहे."

म्हातारी मात्र परत गेली नाही. भाड्याच्या खोलीत तिघं राहू लागली.

नदीपलीकडच्या डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. औषध नवं आहे, गुण येईलच असं नाही, त्रास होऊ शकतो, नको वाटलं त्या दिवशी सोडता येईल. रेनशूनं सही केली. मग रक्त घेतलं, स्कॅन काढले. सगळं ठीक निघालं, फक्त यकृताचे आकडे चढलेले.

"बाहेरचं काही घेता? जडीबुटी, काढा?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो," सूयुन ठामपणे म्हणाली. "मी स्वतः रांधते त्यांचं."

रेनशू जमिनीकडे बघत होता. दमला असेल, असं तिला वाटलं.

आठवड्यानं पुन्हा रक्त घेतलं. आकडे उतरायचे सोडून आणखी चढले होते.

त्या दुपारी चुलीपाशी ताओताई सहज म्हणाली, "तुझी सासू माझ्या चुलीवर रोज काय उकळत असते गं? वासानं डोकं उठतं."

सूयुनच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. ती खोलीकडे धावली. म्हातारी बाजारात गेली होती. रेनशू खिडकीशी बसला होता.

"काय पितोस तू?"

त्यानं खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "मुळी आहे. डोंगरावरची. आई आली त्या दिवसापासून देते. तू रांगेत असतेस तेव्हा."

"आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

"त्यांना सांगितलं असतं, तर ते बंद कर म्हणाले असते." त्याचा आवाज उतरला. "सूयुन, तिचे गुडघे गेलेत गं. तरी ती डोंगर चढली. मी पितो तेव्हा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहते. शेवटचा घोट गेला की तिचा चेहरा फुलतो. त्या चेहऱ्याला नाही कसं म्हणू?"

"मला सांगायचंस!"

"तू तिला बोलली असतीस."

खरं होतं ते. ती बोललीच असती. सूयुन भिंतीला टेकून खाली बसली. भांडायला शब्द पुष्कळ होते, पण समोरचा माणूस बसल्या जागी धापा टाकत होता.

तिनं नर्सला सगळं सांगितलं. नर्स म्हणाली, काढा आजच थांबवा, आकडे उतरू द्या, मी नाव राखून ठेवायला बघते. त्या दिवसापासून सूयुन काही निमित्त काढून म्हातारीला बाहेर धाडायची आणि रेनशू काढा मोरीत ओतायचा. पण यकृताला कुणाची घाई नसते. आकडे हळूहळू उतरत होते, तेवढ्यात नर्सचा फोन आला. "ताई, सगळी केंद्रं मिळून जागा भरल्या. भरती बंद झाली."

रेनशूनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आईला सांग, घेतलं म्हणून."

"रेनशू!"

"तिच्या मुळीनं माझी जागा गेली, हे तिला कळलं तर ती जिवंतपणी मरेल. माझं जे व्हायचं ते होईल. तिच्या माथी हे नको. मला वचन दे."

सूयुननं वचन दिलं. संध्याकाळी जेवताना त्यानंच आईला सांगितलं, आणि जीवनसत्त्वाची एक गोळी तिच्यादेखत गिळून दाखवली.

म्हातारी टाळी वाजवून उठली. "बघितलंत? माझ्या मुळीनं रक्त सुधारलं, म्हणूनच घेतलं! मोठे आले उंदीर म्हणणारे!" उंदीर म्हणणारी तीच, हे ती विसरून गेली होती. गावाहून आणलेलं धुरावलेलं डुकराचं मांस तिनं गल्लीतल्या चुलीचुलीवर वाटलं. "माझ्या पोराला निवडलं," ती सांगत होती. ताओताईनं मांस घेतलं आणि तोंड फिरवून चूल फुंकत राहिली.

"काढा मात्र आता बंद, आई," रेनशू म्हणाला. "दोन औषधं एकमेकांशी भांडतात."

म्हातारीनं सुनेकडे रोखून पाहिलं. "हे हिचं डोकं दिसतंय."

"हो, मीच म्हणाले," सूयुन म्हणाली.

सूयुननं शोध सोडला नाही. दूर ग्वांगचौ शहरात एक चाचणी सापडली. तोवर आकडेही जाग्यावर आले होते. म्हातारीला गावी पाठवून दोघं आगगाडीनं गेली. तिथल्या तपासणीत रोग मेंदूत पोचलेला दिसला. अशा रोग्यांना त्या चाचणीत घेत नव्हते. परतीच्या गाडीत रेनशू तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला होता, आणि डोंगरांमागून डोंगर मागे जात होते.

बागांमधली संत्री उतरवायला सुरुवात झाली, त्या दिवसांत त्यानं गावी प्राण सोडला. शेवटच्या दिवसांत बोलणं राहिलं नव्हतं. आई हात चोळत बसायची, बायको पाय.

सातव्या आठवड्याच्या विधीला, कबरीवर मेलेल्याच्या नावानं कागदी पैसे जाळून सगळे परतले. जेवायला बायका बसल्या होत्या. म्हातारी एकदम म्हणाली, "काढा चालू होता तोवर माझं पोर चालत बोलत होतं. हिनं बंद केला, आणि बघा."

बायकांच्या हातातल्या जेवणाच्या काड्या थांबल्या. कुणीतरी सूयुनकडे पाहिलं, कुणीतरी पाहायचं टाळलं. खरी गोष्ट तिच्या जिभेच्या टोकावर आली होती. चार शब्दांचं काम होतं. समोर म्हातारी बसली होती, दोन महिन्यांत निम्मी झालेली.

"चुकलं माझं, आई," सूयुन म्हणाली.

म्हातारीनं ताटलीतला मांसाचा चांगला तुकडा उचलून सुनेच्या वाटीत ठेवला.

"तू तरी काय करणार, पोरी," ती म्हणाली. "तुझाही नवराच होता तो. मी मनात ठेवत नाही. खा."

सूयुननं मान खाली घातली आणि तो घास गिळला.