ततियम्पि

कोपरीतल्या बुद्धविहारात दर रविवारी सकाळी मुलांचा धम्मवर्ग भरतो. रंभाताईंनी तो मरेपर्यंत चालवला. त्या गेल्यावर आज पहिल्यांदाच तो त्यांच्या लेकीच्या, मृणालच्या गळ्यात पडला होता. तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. चटया सरळ कर, खिडकी उघड, वाऱ्याने मेणबत्ती विझली की खिडकी लाव.

समितीचे आनंदकाका दाराशीच खुर्ची टाकून बसले होते.

"सम्यकचं बघायला बसलोय," ते म्हणाले. "बाकीचे पालक कुरकुरतात गं. तुझ्या आईपुढे कुणाची टाप नव्हती. आज नीट झालं तर ठीक, नाहीतर पुढच्या रविवारपासून घरीच राहू दे त्याला."

सम्यक नऊ वर्षांचा, न बोलणारा. त्याच्या शेजारी अकरावीतली रुचिता बसायची. पलीकडे कमलेश उत्तरा नावाच्या कमी दिसणाऱ्या मुलीच्या कानाशी ओळ अन् ओळ सांगायचा. ही थोरली पोरं रंभाताईंनीच मदतीला वस्तीतून हेरून आणलेली.

"रुचिता, आज त्याचा हात धरून ठेव," मृणाल कुजबुजली.

"नाय ताई, धरला तर चावतो. रंभाआज्जी बोललेल्या, धरायचं नाय. तुम्ही टेन्शन नका घेऊ, तुम्ही फक्त बोला."

त्रिशरण सुरू झालं. मृणाल सांगत होती, मुलं मागून म्हणत होती. एक आवर्तन झालं. दुसऱ्यांदा म्हणायचं 'दुतियम्पि' तोंडातून निघतं न निघतं तोच सम्यक उठला आणि भिंतीला बोटं घासत हॉलभर चालू लागला. आनंदकाकांनी घसा खाकरला. मृणालला काही सुधरेना. हेच शब्द तिने शेवटचे म्हटले होते ते स्मशानात, आईच्या पायाशी उभं राहून. दुसरं आवर्तन तिने कसंबसं संपवलं आणि घाईघाईने थेट पंचशीलाला हात घातला.

सम्यकची चाल वाढली. तो धावू लागला. कानांवर हात, मग किंकाळी. मेणबत्तीचा स्टँड आडवा झाला. आनंदकाका उठले.

"बघ. काय म्हणत होतो मी?"

"काका, थांबा ना जरा!" रुचिता तडकली. "ताई, तुम्ही ततियम्पि खाल्लं!"

"काय?"

"तिसऱ्यांदा बोलायचं राहिलं! तो दुसऱ्याला फिरतो, तिसऱ्याला येऊन बसतो. दर रविवारी. तुम्ही तिसरं बोललातच नाय, मग कुठे येणार तो?"

मृणालला वाटलं, चपला घालाव्यात आणि सरळ चालू लागावं, कुठेही. सम्यक तिच्यासमोरून गेला, पुन्हा गेला.

"ततियम्पि," ती म्हणाली. आवाज फाटला. मग कमलेशने उचललं, रुचिताने उचललं आणि मुलांचा आवाज भरून आला. मृणालने पुढची ओळ सांगितली. त्यापुढची सांगताना तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. संघाला शरण जाऊन झालं तेव्हा सम्यक आपल्या चटईवर होता, धापा टाकत, रुचिताच्या ओढणीचं टोक मुठीत धरून.

आनंदकाकांनी स्टँड उचलून जागेवर ठेवला.

"पालकांना काय सांगू आता?"

"सांगा, शिकवणारी चुकली."

खुर्चीची घडी घालून काकांनी ती भिंतीला टेकवली आणि मुलांच्या मागे खाली येऊन बसले.

मृणाल अजून उभीच होती; एकदा खिडकीकडे, एकदा दाराकडे.

"ताई, बसा की आता," रुचिता म्हणाली. "तो बसला."