यासीनचा मराठी अर्थ

भोरच्या बाजारपेठेत शाकिरचे टायपिंगचे दुकान होते आणि वजू करून, म्हणजे हात-पाय-तोंड धुऊन पाक होऊन, संगणकापुढे बसणारे त्याचे गिऱ्हाईक एकच : मौलाली गुरुजी. हयातभर त्यांनी शाळेत मराठी शिकवले होते. निवृत्तीनंतर ते कुराणातल्या यासीन या सूरेचा, म्हणजे अध्यायाचा, मराठी अर्थ सिद्ध करीत होते, आणि तोही एका माणसासाठी. अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या बायकोने, नूरजहाँने, त्यांना विचारले होते, “अहो, जल्मभर यासीन म्हनली. म्या मेल्यावर माज्यासाटी तीच म्हनतील. पर ती सांगती काय, ते मला कळायचं न्हाई का?”

“कळेल. पण अर्धेकच्चे सांगणार नाही. पुस्तक होऊ दे.”

शाकिरने वर्डला एक सॉफ्टवेअर जोडून घेतले होते. सूरा निवडावी, तिच्यातल्या वचनाचा, आयतीचा, क्रमांक द्यावा, कळ दाबावी, की जेर-जबर या स्वरचिन्हांसह अख्खी आयत पानावर उतरे. ते प्रथम पाहिले तेव्हा गुरुजींचे डोळे पाणावले. मात्र क्रमांक चुकून भलतीच आयत आली, तर ती पुसायला ते काही केल्या राजी होईनात.

“डिलीट मारा की, गुरुजी.”

“अल्लाचे कलाम पुसू? तुझ्या वडिलांनी हेच शिकवले का तुला?”

“आवो, पडद्यावरचा निस्ता उजेड हाय त्यो!”

“आणि शाई म्हणजे निस्ती काजळी. मग छापील कुराण पायाशी ठेवशील?”

शाकिरने कपाळावर हात मारला. वादात गुरुजींना हरवणारा भोरात जन्मायचा होता. चुकून आलेली प्रत्येक आयत ते अदबीने फाइलच्या शेवटी नेऊन ठेवीत. एकेका मराठी शब्दासाठी आठवडा झुंजत, आणि अर्थाच्या प्रत्येक नव्या पाठासाठी आयत नव्याने आणीत; जुनीही पुसायची नाहीच. फाइल फुगत चालली. जादा प्रत म्हणून तिची सीडी काढावी, तर गुरुजी म्हणत, “लोक सीडी खिशात घालून मोरीत जातात. नको.” हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांवरही आयती होत्या. असा कागद रद्दीत घालीत नाहीत, वाहत्या पाण्यात सोडतात. टायपिंग झालेल्या चिठ्ठ्या गुरुजींनी एसटीने सारोळ्याला नेऊन पुलाखालच्या नीरेत स्वतःच्या हातांनी सोडल्या होत्या.

शेवटच्या ओळीवरून अखेरची नजर फिरवायची, एवढेच उरले होते, त्या दुपारी फाइल उघडेना. शाकिरने नाना खटपटी केल्या. पुण्याहून जाणता माणूस आणवला. तोही मान हलवून गेला.

“लई फुगली हुती, गुरुजी. फाटली फाइल. कायबी निगंना तिच्यातनं.” त्यांचा चेहरा पाहून शाकिर घाईने म्हणाला, “आसं तोंड नका पाडू. आयती कुटं जात्यात? ह्ये बगा.”

त्याने कोरे पान उघडले आणि कळ दाबली. यासीनची पहिली आयत क्षणात उतरली, निर्मळ, जेर-जबराचाही फरक नाही. तिच्याखाली, जिथे मराठी असायची तिथे, उभी रेघ लुकलुकत राहिली.

“आणि मराठी?”

“मराटी...” शाकिर अडखळला. “ती आनिक कुनाकडं आसनार?”

जिला कुणाच्या राखणीची गरज नव्हती, त्या वाणीवर आपण दोन वर्षे पहारा दिला, आणि जी जगात एकाच ठिकाणी होती ती मराठी उघड्यावर टाकली, हे गुरुजींना तेव्हा उमगले. वाद घालण्याजोगे त्यात काही नव्हते.

घरी नूरजहाँ उशीला टेकून वाट पाहत होती. तिचा आवाज आता जवळ गेल्यावाचून ऐकू येत नसे.

“झालं पुस्तक?”

“नाही झाले. फाइल गेली.”

ती म्हणाली, “जाऊ द्या. तोंडीच सांगा. तुमच्या डोस्क्यात तर आसंल न्हवं?”

गुरुजी तिच्या उशाशी बसले. डोक्यात अर्थ होता, पण एक नव्हता. पहिल्याच वाक्याचे सात पाठ होते, प्रत्येकावर त्यांनी स्वतःच घेतलेले आक्षेप होते, आणि त्यांतला शेवटी ठेवला तो कोणता, हे त्या फाइललाच ठाऊक होते. त्यांनी एक वाक्य सुरू केले. थांबले. “नव्हे, तसे नव्हे,” म्हणून दुसरे धरले. त्यातले क्रियापद त्यांना हलके वाटले. तिसऱ्या वाक्याला तोंड फुटेना.

नूरजहाँने त्यांच्या हातावर हात ठेवला.

“ऱ्हाऊ द्या. लई दमला तुमी. आरबीच म्हना.”

गुरुजींनी यासीन म्हणायला सुरुवात केली. ती त्यांना एकही चूक न करता येत होती. नूरजहाँने डोळे मिटले आणि जन्मभर ऐकली तशीच, काही न कळता, ती ऐकू लागली.