शिसपेन्सिलीचं उमटत नाही

"मुलगी इथली नागरिक आहे, ते दिसतंय," विद्यापीठाच्या काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. "पण वाढली बाहेर. अशा मुलांना परदेशी विद्यार्थ्यांची फी लागते. चौपट."

"आम्ही दरवर्षी महिनाभर घरी येत होतो," मी म्हणालो.

"मग तसं दाखवा. सलग दहा वर्षांचा कागद हवा. जुने पासपोर्ट चालतील."

ते नव्हते. बायको गेल्यावर तिकडची खोली सोडताना तिच्या दोन पिशव्या मी न उघडताच टाकल्या होत्या. उघडायचा धीर झाला नाही. जुने पासपोर्ट त्यात होते, हे नंतर कळलं.

"कागद हिच्या आईकडे असायचे."

"मग त्यांनाच पाठवा ना उद्या."

"ती नाही आता."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "घरात शोधा, काका. काहीही चालेल. शुक्रवारपर्यंत."

वीस वर्षं परक्या गावात लिफ्ट दुरुस्त करून जमवलेलं चौपट फीला पुरणार नव्हतं. मुलगी म्हणाली, "बाबा, राहू दे. मी परत जाऊन नोकरी बघते." तिने बॅग उघडून कपडे भरायलाही घेतले.

शुक्रवारी सकाळी शिवणाच्या डब्याच्या तळाशी वाचनालयाचं कार्ड सापडलं. मुलीच्या नावाचं. सुट्टीला आलो की दुसऱ्याच दिवशी बायको तिला घेऊन वाचनालयात जायची आणि वर्षाची वर्गणी भरायची.

"राहणार महिनाभर. अकरा महिने काय पाली वाचणार?" मी म्हणायचो.

"वाचू देत. पण अहो, तिचं नाव इथे कुठेतरी चालू राहू दे."

कार्डावर दर वर्षाचा एक, असे चौदा शिक्के होते. प्रत्येक शिक्क्याशेजारी हिने शिसपेन्सिलीने एक ओळ लिहिली होती. 'जिना एकटी चढली.' 'पुढचे दोन दात नाहीत.' 'आता माझ्या चपला होतात.' ही लिहायची हे मला माहीत नव्हतं.

विद्यापीठात गर्दी होती. बाकावर बसल्या बसल्या माझा डोळा लागला. कोपऱ्यातली लिफ्ट वर-खाली करत होती; तिच्या दाराचं चाक कोरडं पडलंय, हे झोपेतही कळत होतं. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबायची आणि दोघी बाहेर यायच्या. दर मजल्यावर मुलगी थोडी उंच. हिच्या खांद्यावर तीच पिशवी. चौदाव्या मजल्यानंतर दार उघडलं, तेव्हा मुलगी एकटीच आली.

"बाबा, आपला नंबर," ती मला खरोखरच हलवत होती.

बाईंनी शिक्के मोजले. मग ओळी वाचल्या. त्या वाचायची गरज नव्हती, पण सगळ्या वाचल्या. "चालेल," म्हणाल्या. "इथल्याच फीत बसवते. मूळ कार्ड मात्र फाइलला लागेल. तुम्ही झेरॉक्स ठेवा."

"मूळ परत मिळत नाही?"

"नाही मिळत, काका."

झेरॉक्स काढून आणली. शिक्के ठळक आले होते. शेजारची जागा कोरी होती.

"शिसपेन्सिलीचं उमटत नाही," बाई हळूच म्हणाल्या.

मी कार्ड हातात धरून उभा राहिलो. मागचा माणूस खोकला. मग मी ते काचेखालून आत सरकवलं.

मुलीने बाईंकडे पेन्सिल मागितली. "पाच मिनिटं कार्ड समोर ठेवता?"

बाईंनी कार्ड काचेला टेकवून धरलं आणि मागच्याला शेजारच्या खिडकीत जायला सांगितलं. मुलगी झेरॉक्सवर एकेक ओळ उतरवू लागली. तिकडच्या शाळेत तिला आपली अक्षरं कोणी शिकवली नव्हती. घरी आईने शिकवली तेवढीच. जोडाक्षर आलं की थांबायची, काचेकडे बघायची, पुन्हा लिहायची.

चौदा ओळी झाल्या. खाली एक रकाना उरला.

"बाबा, या वर्षीचं काय लिहू?"

"तारीख टाक," मी म्हणालो. "बाकीचं वाचनालयात जाऊन आल्यावर."