अस्वलाचा मार

कारखान्यात तिला सगळ्या कानवाली म्हणत. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं चांगलं नाव होतं तिला, पण कापडी अस्वलांच्या कारखान्यात जिच्या हाती जे काम तेच तिचं नाव. ती डोक्याच्या तुकड्यांना कान लावायची. पुढच्या मशीनवर डोळेवाली, तिच्यापुढे पोटात कापूस भरणारी कापूसवाली. तिथून पुढे पाठ शिवून आणि दोऱ्यानं नाक भरून झालं की अस्वल तपासणीच्या टेबलावर जाऊन बसायचं.

मालक कोरियन, सेक्शनचे साहेबही कोरियन. साहेब अंगानं काटकुळे, निळ्या जाकिटाला कडक इस्त्री, सगळ्यांच्या आधी येणार आणि सगळ्यांच्या नंतर जाणार. जेवायचेसुद्धा उभ्याउभ्याच. रुजू झाले त्या दिवशी त्यांनी लाइनच्या टोकाला उभं राहून खड्या आवाजात 'पल्ली, पल्ली' अशी आरोळी ठोकली. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'लवकर, लवकर'. इथं मात्र निम्म्या बायकांनी पाय स्टुलावर घेतले आणि कापूसवालीनं झाडू उचलला. पाल काही सापडली नाही. पण साहेबांचं नाव पालसाहेब पडलं ते पडलंच.

त्या दिवशी सकाळपासून कानवालीचं लक्ष घरी होतं. सासूबाईंची दाढ ठणकत होती, संध्याकाळी ती काढायची होती, आणि सासूबाई दाढेपेक्षा डॉक्टरला जास्त घाबरत होत्या. त्या विचारात एका डोक्याला एक कान जागच्या जागी लागला आणि दुसरा पार मानेपाशी. डोळेवालीनं बघून न बघितल्यासारखं केलं. कापूसवाली बोलण्यात गुंग. अस्वल तयार होऊन टेबलावर पोहोचलं तेव्हा ते भिंतीला कान लावून शेजाऱ्यांचं भांडण ऐकत असल्यासारखं दिसत होतं.

साहेब ते अस्वल पायाला धरून घेऊन आले आणि कानवालीसमोर उभे राहून बोलू लागले. बोलणं सगळं कोरियनमध्ये, पण अर्थ कळायला भाषा लागत नव्हती. कानवालीला ओशाळून हसू आलं. ही तिची लहानपणापासूनची खोड. शाळेत बाईंनी बाकावर उभं केलं तरी ती हसायची आणि त्यामुळे आणखी बोलणी खायची. साहेबांना वाटलं ही आपल्याला हसते. त्यांच्या कपाळाची शीर उठली आणि त्यांनी हातातलं अस्वल तिच्या डोक्यात हाणलं.

धप्प असा आवाज झाला. लागण्यासारखं त्यात काही नव्हतं, आत नुसता कापूस. पण सगळ्या मशिनी एकदम थांबल्या, आणि त्या शांततेत डोळेवाली फिसकन हसली.

ते हसू कानवालीला मारापेक्षा जास्त लागलं. तिनं मशीनचं बटण बंद केलं, केस सारखे केले आणि हात मांडीवर ठेवून बसली.

कान नाहीत म्हणजे डोकी नाहीत, डोकी नाहीत म्हणजे डोळेवालीला काम नाही, आणि कापूसवालीच्या हातात कापूस आहे पण भरायचा कुणात हा प्रश्न. साहेबांनी चारदा पल्ली पल्ली करून पाहिलं. सुपरवायझरनं दुसऱ्या एका मुलीला कानाच्या मशीनवर बसायला सांगितलं. तेव्हा कापूसवाली म्हणाली, "जी बसेल तिच्याशी मी आयुष्यात बोलणार नाही." कापूसवालीचं बोलणं बंद होणं ही खरं तर सगळ्यांना चैन वाटली असती, पण ती मुलगी काही जागची हलली नाही.

शेवटी ऑफिसातून दुभाष्याला बोलावलं. चष्मेवाला, सज्जन गृहस्थ. कोरियन शिकून परीक्षा पास झालेला. पण परीक्षेत कुणी ओरडत नाही, त्यामुळे साहेब चिडले की त्याला निम्मंच कळायचं.

"साहेब विचारतायत, काम का थांबलंय?"

"त्यांनी मला मारलं म्हणून."

दुभाष्या साहेबांशी बोलला, साहेब बरंच बोलले. "साहेब म्हणतात, ते तुमच्या वयाचे असताना त्यांचे साहेब त्यांना लोखंडी पट्टीनं बोटांवर मारायचे. अजून ते त्या साहेबांची आठवण काढतात. त्या मानानं त्यांनी तुम्हाला फार मायेनं मारलंय."

"त्यांना सांगा, माझ्यावर माया करायला घरी माणसं आहेत."

बायका हसल्या. दुभाष्यानं चष्मा पुसला आणि हे वाक्य पोटातच ठेवलं. "तुम्हाला नेमकं काय हवंय ते सांगा ना," तो म्हणाला.

"कान वाकडा लागला हे खरं. तो मी उसवून परत लावीन. पण साहेबांनी माफी मागायची. जिथं मारलं तिथं, सगळ्यांसमोर."

"कान पकडायला सांगा त्यांना," मागून कापूसवाली म्हणाली.

दुभाष्या घाबरून गेलेला. त्यानं ते शब्दाला शब्द पोहोचवलं. साहेबांचा चेहरा उजळला. इतक्या वेळानं बाया कामाचं बोलल्या. त्यांनी ते अस्वल उचललं, त्याचा वाकडा कान चिमटीत धरला आणि चांगला तीनदा हिसडला. मग मान डोलावली.

"साहेब म्हणतात, शिलाई पक्की आहे," दुभाष्या म्हणाला. "फक्त वाकडी आहे."

दुपारी तिला ऑफिसात बोलावलं. तिथले मोठे साहेब आपल्याच भाषेतले, त्यामुळे कानवालीला जरा धीर आला होता.

"कशानं मारलं?" त्यांनी विचारलं.

"अस्वलानं."

मोठ्या साहेबांनी ओठ दाबून धरले. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला एकाएकी खोकला आला.

"लागलं का?"

"नाही."

"मग?"

आपल्याला नेमकं काय झालंय हे तिला कळत होतं, पण ते सांगायला गेलं की मध्ये अस्वल यायचं. तिला उद्या मुकाट्यानं कामाला बसायला सांगून त्यांनी विषय संपवला.

संध्याकाळी दाढेचं काम उरकून घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा गॅरेजमध्ये मेकॅनिक. तो ऐकता ऐकता इतका हसला की त्याला ठसका लागला आणि पाठ तिलाच थोपटावी लागली.

"अगं, लोकांना ट्रक उडवतात, तुला अस्वलानं उडवलं," तो डोळे पुसत म्हणाला.

सासूबाई खाटेवर बसल्या होत्या, गाल सुजलेला, दाढेच्या जागी कापसाचा बोळा. त्या काहीतरी बोलल्या.

"आई काय म्हणाल्या?" कानवालीनं विचारलं.

"म्हणाली, जाऊ दे."

सासूबाईंनी रागानं बोळा काढून हातात घेतला. "जाऊ दे नाही म्हणाले मी. जाऊ देऊ नकोस म्हणाले." मग मुलाकडे वळल्या. "आणि तू रे, तुझ्या मालकानं गाडी पुसायचा स्पंज सगळ्यांसमोर तुझ्या टाळक्यात मारला तर?"

"मारून तर बघू दे. पाना घालीन डोक्यात."

"का? स्पंज काय लागतो होय?"

सासूबाईंनी बोळा परत तोंडात घातला आणि आडव्या झाल्या. कानवालीनं त्या रात्री त्यांच्यासाठी दूध जरा जास्तच गार करून दिलं.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कामावर आली, मशीन पुसलं, दोरा ओवला आणि हात मांडीवर ठेवून बसली. तिच्यापाठोपाठ सगळी लाइन हात मांडीवर ठेवून बसली. माल न्यायला आलेला ट्रक फाटकात उभा होता आणि ड्रायव्हर दर थोड्या वेळानं हॉर्न वाजवत होता. दुभाष्याला त्याची समजूत काढायला पाठवलं होतं, जणू काही ट्रकवालाही कोरियन होता.

काचेच्या केबिनमध्ये साहेबांना मालकाचा फोन आला. साहेब खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले. पलीकडचा आवाज फोनमधून बाहेर येऊन लाइनपर्यंत पोहोचत होता. साहेब एक शब्द बोलत नव्हते, नुसते फोनपुढे वाकत होते. सरळ व्हायचे, परत वाकायचे. त्यांच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. कानवालीनं मान वळवली. दुसऱ्याला बोलणी बसताना बघत राहणं तिला बरं वाटेना.

थोड्या वेळानं साहेब बाहेर आले. सरळ तिच्या मशीनसमोर येऊन थांबले, जाकीट खाली ओढून नीट केलं, दोन्ही हात मांड्यांना चिकटवले आणि कमरेत काटकोनात वाकले. वाकले ते वाकलेच.

लाइनमध्ये कुणाला काही उमजेना. साहेब जमिनीकडे बघत होते. या कारखान्यात जमिनीकडे बघायचं एकच कारण असायचं. सुई मोडली की तिचा तुकडा मिळेपर्यंत काम बंद, कारण तो तुकडा अस्वलाच्या पोटात गेला तर उद्या एखाद्या लेकराच्या हातात घुसायचा. हे साहेबांनीच सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं.

"अगं बाई, सुई पडली वाटतं," कापूसवाली कुजबुजली आणि वाकली.

मग डोळेवाली वाकली, नाकवाली वाकली, सुपरवायझर लोहचुंबक घेऊन वाकला. पाहता पाहता सगळी लाइन कमरेतून वाकून जमीन निरखू लागली. साहेबांनी हळूच मान तिरकी करून पाहिलं. आपल्यापुढे आख्खा सेक्शन वाकून उभा. त्यांचे डोळे भरून आले. इतका मान त्यांना इथं कधी मिळाला नव्हता. आता आपण आधी सरळ होणं बरं दिसणार नाही म्हणून ते आणखी खाली वाकले. ते पाहून बायकांना वाटलं, तुकडा फारच बारीक असणार.

दुभाष्या ट्रकवाल्याला चहाला लावून परत आला तेव्हा हे दृश्य. दारातच थबकून तो म्हणाला, "काय चाललंय हे?"

"सुई शोधतोय," कानवाली टेबलाखालून म्हणाली.

"अहो, कसली सुई? साहेब माफी मागतायत तुमची. त्यांच्याकडे अशीच मागतात."

कानवाली उठली, गुडघे झटकले. समोर साहेबांच्या डोक्याचा वरचा भाग दिसत होता, तिथले केस विरळ झाले होते. तिच्या वडिलांचे तिथूनच गेले होते. तिला वाटलं, झालं, पुरे. मग तिला मोठ्या साहेबांचा कालचा तो 'मग' आठवला.

"त्यांना उभं राहायला सांगा, कंबर धरेल," ती दुभाष्याला म्हणाली. "पण हे मला कळलं नसतं. मला कळेल असं बोला म्हणावं."

साहेबांनी ऐकून घेतलं. दुभाष्यानं त्यांना 'मी मनःपूर्वक दिलगीर आहे' असं शिकवायला घेतलं. 'मनःपूर्वक'पाशी साहेबांची जीभ दोनदा अडखळली आणि कपाळावर घाम आला.

"एवढं कशाला?" कानवाली म्हणाली. "चुकलं म्हणा. बास."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "चु-कल," ते म्हणाले. मग जरा थांबून, नीट लावून, "चुकलं."

"माझंही चुकलं," कानवाली म्हणाली आणि मशीनचं बटण दाबलं.

सुटी झाल्यावर फाटकापाशी डोळेवालीनं तिला गाठलं. बराच वेळ पिशवीचा बंद पिळत राहिली. "काल मी हसले गं."

"ऐकलं मी."

"तुझ्यावर नाही हसले. त्या अस्वलाचं तोंड बघून आवरलंच नाही. तुझ्या डोक्यावर आपटलं तरी त्याचा तो कान तुझंच ऐकत होता."

कानवालीनं ते अस्वल डोळ्यांपुढे आणलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा ती हसली. भिंतीला टेकून, पोट धरून हसली.

त्यानंतर साहेबांनी कुणावर हात उचलला नाही. लाइनमधून फिरताना हात पाठीमागे बांधून फिरत. ओरडणं मात्र तसंच राहिलं. ते माफीत धरलं नव्हतं का, असं कापूसवालीनं दुभाष्याला विचारलं, तर तो म्हणाला एका वेळी एकच.

फक्त एक भानगड झाली. साहेबांना आपल्या भाषेतला एवढा एकच शब्द येत होता आणि तो त्यांना फार आवडला होता. पायाला धरून अस्वल घेऊन यायचे, ते टेबलावर ठेवायचे, वाकड्या शिलाईवर बोट ठेवायचे आणि खड्या आवाजात म्हणायचे, "चुकलं."

कुणाचं, ते सांगायचे नाहीत. कानवाली अस्वल हातात घ्यायची, कान तपासायची, आणि कान सरळ असले तर पुढे डोळेवालीकडे सरकवायची.