सात नंबरचा मॉनिटर

त्या दुपारी मला एका जागी बसवत नव्हतं. दादा हॉस्पिटलात सात नंबरच्या खाटेवर, आदल्याच दिवशी हृदयाचं ऑपरेशन झालेलं. आणि त्या वॉर्डातले सगळे मॉनिटर ज्या एका सर्व्हरवर चालतात, नेमकी त्याचीच मेमरी खराब होऊ लागलेली. सर्व्हर सांभाळायचं काम आमच्याच ऑफिसाकडे; नवी मेमरी परवा येणार. तोवर सगळी भिस्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आम्ही केलेल्या बदलावर. लिहिला वहिनींनी, तपासला मी. वहिनी ऑफिसातही मला भाऊजी म्हणतात, त्यामुळे साहेबांपासून वॉचमनपर्यंत मी सगळ्यांचाच भाऊजी.

बदल साधा होता. मेमरीचं एखादं पान, म्हणजे तिचा एक छोटा तुकडा, खराब निघालं, की ते कायमचं बाजूला काढायचं आणि ज्या प्रोग्रामचा डेटा त्यावर होता तेवढाच बंद करून नव्याने सुरू करायचा. बाकीचे चालू राहतात. प्रत्येक खाटेचा प्रोग्राम वेगळा; खराब पान कोणाच्या वाट्याला येईल ते कोणालाच सांगता येत नाही. माझी भीती ती हीच.

"वहिनी, सात नंबर बंद करण्याआधी पान एकदा वाचून तरी बघू या ना. डेटा धड असला तर उगाच कशाला बंद करायचा? मी करून पाहिलंय, चालतं."

"कशावर पाहिलंत?"

"टेस्टवर."

"टेस्टमधलं पान खराब कुठे असतं, भाऊजी? आपण ते नुसतं खराब म्हणून जाहीर करतो. खरोखरचं खराब पान वाचायला गेलात तर अख्खा सर्व्हर बसेल. सगळ्या खाटांसकट."

हे मला काय ठाऊक नव्हतं? भीतीपोटी सोयीस्कर विसरलो होतो. खजील झालो, पण तोंड काही गप्प बसेना. "मग त्या जागी कोरं पान द्या आणि चालू राहू दे. तुमचाच नवरा आहे तो."

"म्हणूनच नाही देणार. कोऱ्या पानावरून तो मॉनिटर काहीतरी आकडा दाखवत राहील आणि सगळे त्यावर विश्वास ठेवतील. त्यापेक्षा काळा झालेला बरा. काळा दिसला की नर्स धावत तरी येते."

मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांचं बरोबर होतं म्हणून जास्तच.

संध्याकाळी बदल सर्व्हरवर चढवून आम्ही वॉर्डात गेलो. वहिनी दादाचा हात हातात घेऊन शेजारी बसल्या. मी दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत होतो. नर्सने दोनदा डोळे वटारले, तरी पाय थांबेनात.

आणि सात नंबरचा मॉनिटर काळा झाला.

मी भराभर बाकीच्या खाटांकडे पाहिलं. सहा चालू, आठ चालू, सगळा वॉर्ड चालू; फक्त आमचा बंद. नर्स धावत आली. वहिनींनी मान वर केली नाही. त्यांचे ओठ हलत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं, नुसता हात धरून त्या बसल्या नव्हत्याच. आल्यापासून त्यांची बोटं दादाच्या नाडीवर होती.

"चालू आहेत ठोके," त्या नर्सला म्हणाल्या आणि मोजत राहिल्या.

मॉनिटर परत उजळला. आकडा आला.

"वहिनी, आला," मी म्हणालो.

"दिसतंय," त्या म्हणाल्या, पण मनगट काही सोडलं नाही. नवी मेमरी बसेपर्यंत आम्ही दोघांनी ते आळीपाळीने धरून ठेवलं.