खडूचे बाण

वहिनींनी घमेल्यातलं गार झालेलं पाणी पुन्हा एकदा मोरीत ओतून दिलं आणि किटलीतलं वाफाळतं पाणी नव्यानं भरलं. हे घमेलं त्यांच्या नवऱ्याचं. बाकीची घमेली हॉलमध्ये भिंतीशी ओळीनं मांडली होती आणि प्रत्येकात कुणाचे ना कुणाचे सुजलेले, फोड आलेले पाय होते. पाय बुडवून बसलेली माणसं एकमेकांना आपापला चढ तावातावानं सांगत होती, जणू प्रत्येकाचा डोंगर वेगळा होता.

“वहिनी, इकडे जरा गरम!” शिंपी ओरडला. “पाय आहेत की बर्फाच्या लाद्या, काही कळेना.”

“मीठ हवं का त्यात?”

“घाला. एवीतेवी शिजायलाच ठेवलेत.”

सगळे हसले. वहिनीही हसल्या, पण किटली कलती करताना त्यांची नजर दाराकडे गेली. दार सताड उघडं होतं. दुपारी जरा विरळ झालेलं धुकं पुन्हा रस्त्यावर उतरायला लागलं होतं. समोरच्या दिव्याचा खांब दिसेनासा झाला होता. नुसता दिवाच वर टांगल्यासारखा दिसत होता.

लांब पल्ल्याचं चालणाऱ्यांचा हा क्लब. महिन्याला एक छोटी आणि दर हिवाळ्यात एक मोठी चाल व्हायची. पहाटे याच हॉलपासून निघायचं, डोंगराला मोठा वळसा घालायचा आणि संध्याकाळपर्यंत परत इथेच यायचं. नकाशा न्यायचा नाही, मोबाइल घरी ठेवायचा. वाट दाखवायला फक्त खडूचे बाण. क्लबचा वाटाड्या सगळ्यांच्या आधी, अंधारातच निघायचा आणि जिथे जिथे फाटा फुटेल तिथे भिंतीवर, दगडावर, झाडाच्या बुंध्यावर बाण काढत जायचा. मागून येणाऱ्यांनी बाण दाखवेल तिकडे वळायचं, शंका काढायची नाही. क्लब निघाला त्या दिवसापासून वाटाड्या एकच होता. त्याला सगळे ‘वाटाडे’ म्हणायचे, जणू ते आडनावच आहे. आज संध्याकाळी त्यांचा, म्हणजे वहिनींच्या ह्यांचा, सत्कार होता.

वहिनींना तो पहिला हिवाळा काल घडल्यासारखा आठवत होता. चारदोन पोरसवदा माणसं, कॅनव्हासचे बूट, सगळ्यांत मिळून एक थर्मास. तेव्हा या हॉलला पत्रे होते आणि त्या नव्या नवरीच्या संकोचानं याच किटलीसाठी स्टोव्ह पेटवत होत्या. हे सगळ्यांत आधी परत आले होते, बोटं खडूनं पांढरीफटक. वहिनींनी कोमट पाण्यात ती बोटं धुऊन दिली तेव्हा बाकीच्यांनी शिट्ट्या मारल्या होत्या. त्या काळी माणूस एकदा घराबाहेर पडला की परत दारात दिसेपर्यंत त्याची काही खबर नसे, आणि त्याची कुणाला भीतीही वाटत नसे.

भीती गेल्या वर्षी घरात शिरली. झोपायच्या खोलीच्या चौकटीवर, अगदी खाली, एक छोटासा बाण दिसला. वहिनींना वाटलं, शेजारचं एखादं पोर येऊन गेलं असेल. मग दुसरा दिसला पॅसेजच्या वळणावर, आणि तिसरा न्हाणीघराच्या दाराशी.

“हे कुणी काढलं?” त्यांनी विचारलं होतं.

“मीच की.” हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले होते. “चुकलो तर आपले बाण आहेत. उलटे वाचत आलं की माणूस परत जागेवर. वाटाड्याची युक्तीच ती.”

दोघंही हसले होते. त्यानंतर त्या विषयावर दोघं कधी बोलले नाहीत. वहिनींनी बाण पुसले नाहीत. कुणी घरी यायचं असलं की वळणावरच्या बाणापुढे स्टूल सरकवून ठेवायच्या, चौकटीवरच्या बाणावर टॉवेल लोंबता सोडायच्या. क्लबमधून फोन आला की म्हणायच्या, “छान आहेत. तुमचीच आठवण काढत होते.” सांगितलं असतं तर त्यांनी ह्यांच्या हातातला खडू काढून घेतला असता. प्रेमानं, गोड बोलून घेतला असता, पण घेतला असता. मग मागे काय उरलं असतं? खुर्चीत बसून आज वार कोणता असं विचारणारा एक म्हातारा माणूस.

आज पहाटे त्यांनीच ह्यांच्या खिशात खडू भरून दिले होते. फाटकातून बाहेर पडल्यावर हे आधी उलट्या बाजूला निघाले, शेजारच्या घरापर्यंत गेले, थांबले, आणि हसत परत फिरून बरोबर दिशेला लागले. “गंमत केली,” म्हणाले. वहिनी फाटकाला धरून उभ्या होत्या. ‘आज नको, राहू दे’ हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले आणि तिथेच राहिले. धुक्यात ह्यांची पाठ विरघळून गेली.

मग दिवसभर वहिनींना काळजी होती, ह्यांची कमी, मागून जाणाऱ्यांची जास्त. दगडी पुलाच्या वर वाट फुटते. डावीकडची, चालीची वाट कड्याकडे जाते, उजवीकडची बंद पडलेल्या खाणीकडे. खाणीचं कुंपण कधीचंच मोडलंय आणि आत काळं पाणी साठून राहिलंय. बाण दाखवेल तिकडे जाणारी सगळी भोळी माणसं. त्यात यंदा नवखी किती तरी होती.

पण माणसं परत यायला लागली. आधी दातांचे डॉक्टर आले लंगडत, मग शिंपी, मग शाळेतल्या दोन मास्तरणी. प्रत्येक जण आल्या आल्या तेच म्हणत होता.

“वाटाड्यांचे बाण म्हणजे बाण! एवढ्या धुक्यात एकदासुद्धा चुकलो नाही.”

“पुलाच्या वर केवढा ठसठशीत काढलाय! आंधळ्यालासुद्धा दिसेल.”

वहिनींच्या जिवात जीव आला. उगीच मेलं मन चिंती ते, असं स्वतःशी म्हणत त्यांनी सगळ्यांना चहा दिला. शेवटचा माणूस आला, चपला-बुटांचा ढीग दारात साचला. आले नव्हते ते फक्त हेच.

“सत्कारमूर्तींनी उशिराच यायचं असतं, वहिनी,” सेक्रेटरी माइकची वायर सोडवत म्हणाले. पूर्वी ते बँकेत होते आणि अजूनही काउंटरपलीकडून बोलावं तसं बोलायचे. “हल्ली येतातच की उशिरा. सगळी वाट पुन्हा बघून येतो म्हणतात. कामाचा माणूस!”

ते खरं होतं. गेल्या काही चालींना हे सगळ्यांच्या मागून आले होते, बूट चिखलानं भरलेले, चेहरा थोडा भांबावलेला. वहिनींनी घमेल्यात बोट बुडवून पाहिलं. वाट बरोबर सापडली होती, बाण चोख होते. मग एवढा वेळ का लागावा?

सेक्रेटरींनी माइकवर टिचकी मारली. ‘बातम्या आणि पराक्रम’ हा दर वर्षीचा कार्यक्रम सुरू झाला.

“पहिला पराक्रम. आपले शिंपीबुवा यंदा एकदाही मागच्या टेम्पोत बसले नाहीत!”

“टेम्पोच आला नव्हता!” कुणीतरी ओरडलं.

“गप रे! दुसरी बातमी. दुसऱ्यांचे दात काढणाऱ्या डॉक्टरांचं यंदा स्वतःच्या पायाचं नख निघालं. न दुखता.”

“कोण म्हणतं न दुखता?” डॉक्टर घमेल्यातून पाय वर काढून दाखवायला लागले, तशा दोन्ही मास्तरणींनी तोंडं फिरवली.

हशा चालू असतानाच मागच्या दारानं सिस्टर आत आली, ती थेट स्वयंपाकघरात. ती हॉस्पिटलात नर्स होती, म्हणून सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. क्लबमध्ये सगळ्यांत झपाट्यानं चालणारी तीच. तिला दुपारची ड्यूटी असायची, म्हणून वाटाड्यांच्या मागोमाग, इतरांच्या बरंच आधी एकटीनं निघायची तिला मुभा होती. आजही चाल उरकून ती तशीच कामावर गेली होती आणि आता युनिफॉर्ममध्येच सत्कारासाठी आली होती.

“झाला का सत्कार? चुकला असता तर काकांनी मला सोडलंच नसतं,” ती धापा टाकत म्हणाली. “आहेत कुठे काका?”

“यायचेत अजून.”

सिस्टरचा केस सारखे करणारा हात थांबला. “यायचेत म्हणजे? सकाळपासून?”

“सगळे म्हणतात बाण चोख होते. म्हणजे वाट बरोबरच धरली ना? मग कुठे…”

सिस्टरनं स्वयंपाकघराचं दार हळूच लोटून घेतलं.

“वहिनी, एक सांगू? रागावू नका. बाण चोख नव्हते. मी नीट करत गेले. वर्षभर करतेय.”

वहिनींनी किटली खाली ठेवली. पलीकडे कुणाचं तरी लग्न ठरल्याची बातमी चालली होती. चढावर भांडले आणि उतारावर जमलं, असं काहीतरी सेक्रेटरी म्हणत होते.

“तुला कधी कळलं?”

“मागच्या हिवाळ्यात. एकाच सकाळी दोनदा विचारलं त्यांनी मला, तू नवीन का म्हणून. वॉर्डात रोज बघते हो मी हे. तुम्हाला सांगायचं किती वेळा मनात आलं. पण म्हटलं, तुम्हाला ठाऊक नसेल तर माझ्या तोंडून कशाला कळायला हवं?”

“ठाऊक होतं मला.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू का बोलली नाहीस?”

सिस्टर ओट्याला टेकून उभी राहिली.

“आज कुठे चुकले होते?” वहिनींनी विचारलं.

“पुलाच्या वर. खाणीकडे वळले होते. आणि आज एखाद-दुसरा बाण नव्हता हो, बाणच बाण. दर दगडावर, हाताहाताच्या अंतरावर. मी फाट्यावर मोठा बाण काढला आणि खाणीकडचे सगळे ओल्या रुमालानं पुसत गेले, अगदी मोडक्या कुंपणापर्यंत. कुणी नवखा भरकटायला नको म्हणून. एकही ठेवला नाही. मग कड्याकडच्या वाटेवरचे बाणही मीच काढले.” काम नीट पार पाडल्याचं समाधान होतं तिच्या आवाजात, काळजीतही. “मलाच नवल वाटलं. फाटा नाही, काही नाही, सरळ पायवाट. तिथे इतके बाण कशाला काढायचे?”

“हाताहाताच्या अंतरावर,” वहिनी म्हणाल्या.

“हो.”

“ते आपल्यासाठी नव्हते गं.” वहिनींनी ओट्याची कड धरली. “घरातसुद्धा काढतात. खोलीपासून न्हाणीघरापर्यंत. परत येता यावं म्हणून. चुकले की आपलेच बाण उलटे बघत येतात.”

सिस्टरनं तोंडावर हात धरला. हॉस्पिटलात दिवसभर हात धुऊनही तिच्या नखांच्या कडांना पांढरं राहिलं होतं.

“एरवी मी फाट्यावरचाच तेवढा पुसायची,” ती कसंबसं म्हणाली. “आतले तसेच राहायचे. आज धुकं होतं म्हणून… म्हणून मी…”

“ते स्वतः दिसले का तुला? कुंपणापाशी?”

“नाही. पुढे काही दिसत नव्हतं. वाटलं, वरून रस्त्याला लागले असतील. नेहमी लागतात.”

“हाक मारलीस?”

“मारली. पण मोठ्यानं नाही.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “मोठ्यानं मारली असती तर त्यांना कळलं असतं ना, मी मागून येते ते.”

वहिनींनी खुंटीवरची शाल घेतली नाही, पायांत चपला तेवढ्या सरकवल्या. मागचं दार गल्लीत उघडायचं. पुलाकडे जायला हॉलमधूनच जावं लागत होतं. त्यांनी दार ढकललं तेव्हा सेक्रेटरी नेमके आवाज चढवून बोलत होते.

“…आणि आता यंदाचा शेवटचा आणि सगळ्यांत मोठा पराक्रम! ज्यांच्या बाणांवर डोळे मिटून चाललो, आणि आजच्या या धुक्यातसुद्धा एकही माणूस ज्यांनी चुकू दिला नाही, ते आपले वाटाडे! अजून पोचले नाहीत, पण टाळ्या अशा वाजवा की असतील तिथे ऐकू गेल्या पाहिजेत!”

सगळा हॉल दाराकडे वळला आणि टाळ्या वाजवायला लागला. पाण्यातले पाय उचलून माणसं ओल्या फरशीवर उभी राहिली. वहिनी त्यांच्या मधून चालत निघाल्या, मागोमाग सिस्टर.

“बघा, वहिनीच निघाल्या आणायला!” शिंपी म्हणाला. “लाजत असतील वाटाडे बाहेर. वाजवा रे, जोरात वाजवा!”

टाळ्यांना एकदम जोर चढला. कुणी तरी घमेलं पालथं घालून त्यावर ठेका धरला. दारातल्या बुटांच्या ढिगावरून पाय टाकून वहिनी बाहेर आल्या. धुकं आता पायरीपर्यंत आलं होतं. त्या थोडं पुढे गेल्या, रस्त्याच्या मधोमध थांबल्या आणि डोंगराच्या दिशेला मान कलती करून उभ्या राहिल्या. मागून टाळ्यांचा नुसता कल्लोळ चालला होता.

“जा, त्या टाळ्या थांबव आधी,” त्या सिस्टरला म्हणाल्या. “काय सांगायचं ते सांग. ते हाक मारत असतील तर ऐकू कशी येणार?”